मामाची हरवलेली शिंक

बसमध्ये छत्री विसरलेला माणूस हरवलं-सापडलं कचेरीच्या काउंटरवर असा काही चेहरा करून उभा राहतो, की वाटावं याचं भरलेलं गलबतच बुडालंय. काउंटर सांभाळणाऱ्या काकांना त्याची सवय होती. ते आधी त्याला बसवायचे, मग पाणी द्यायचे, आणि मग म्हणायचे, "हं, खूण सांगा."

"काळी आहे."

"सगळ्या काळ्याच असतात हो. खूण सांगा."

"एक काडी मोडलीय. बायकोनं तिथं लाल दोरा गुंडाळलाय."

"आता कसं!" म्हणत काका उठायचे आणि आतून नेमकी लाल दोऱ्याची छत्री घेऊन यायचे.

बाहेरून दिसणार नाही, फक्त मालकालाच ठाऊक असेल, अशी एक तरी खूण पटवल्याशिवाय काकांनी उभ्या आयुष्यात कुणाला साधा हातरुमालही दिला नव्हता. एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा चष्मा येऊन पडला होता. साहेब समोर चाचपडत उभे, आणि काका म्हणतायत, "साहेब, खूण." साहेबांना आपल्या चष्म्याची खूण आठवेना. दोन दिवस ते बायकोचा चष्मा लावून हिंडले, पण काका काही हलले नाहीत.

ही हरवलं-सापडलं कचेरी बस डेपोच्या मागच्या अंगाला होती, गाड्या धुवायच्या हौदाला लागून. त्यामुळे तिथं बाराही महिने ओल्या रबराचा आणि साबणाचा वास. लांबोडकी खोली, छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर काय नव्हतं ते विचारा. एकेकटे बूट, शाळेची दप्तरं, कवळ्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. एक लाकडी पायसुद्धा होता. त्याचा मालक तो विसरून घरी कसा चालत गेला असेल, यावर ड्रायव्हर लोकांच्या पैजा लागायच्या.

लोखंडी जिन्यानं वर गेलं की एक पोटमाळा होता आणि तिथं बसायची चिमटी. खरं नाव कचेरीत कुणी घेतच नसे. पायातला काटा चिमट्यानं काढावा तशी ती कॉम्प्युटरमधली चूक नेमकी धरून बाहेर काढायची, म्हणून चिमटी. कचेरीची वेबसाइट तिनंच बांधली होती. वस्तू हरवली की माणसानं घरबसल्या तिच्यावर कळवायचं. काका आलेल्या वस्तू नोंदवायचे. आणि मागे, कुणाला दिसणार नाहीत अशा, सर्व्हरवर लहान लहान प्रोसेस चालू असायच्या. या प्रोसेस म्हणजे आपली राबती पोरं समजा. हरवलेलं आणि सापडलेलं ताडून बघायचं, जुळलं की मालकाला मेसेज धाडायचा आणि गप झोपायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना चिमटीनं वेसण घातलेली होती. कळवलेलंच शोधायचं, आपल्याच बसमधलं शोधायचं, तीन महिन्यांच्या आतलंच शोधायचं. त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

चिमटीच्या घरी आई. दोघींचंच घर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा आणि आई दिवसभर तो जिना बघत बसायची.

ही आई एके काळी थापांची खाण होती बरं का. आपण लहानपणी पाहिलेलं मांजर दुधाच्या रांगेत उभं राहायचं आणि म्हाताऱ्यांना आपला नंबर द्यायचं, असं ती डोळ्याची पापणी न हलवता सांगायची. आणि तिची हुकमाची गोष्ट म्हणजे मामाची शिंक. आईच्या मामाला एके दिवशी सकाळी शिंक आली. अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत आली, मामानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून हाक मारली. मामानं वळून पाहिलं आणि शिंक गेली. गेली ती गेलीच. मग मामा तिला शोधायला निघाला. धोब्याला विचारलं, तर धोबी म्हणाला, "काल एक आली होती, पण ती अगदीच नाजूक होती, तुमची नसावी." नावाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पलीकडे सोडली की एक! सुट्टे नव्हते तिच्याकडे, म्हणून फुकट सोडली."

नावाड्यापर्यंत आलं की लहानगी चिमटी झोपून जायची. रोज. पुढं काय झालं ते तिला कधी कळलंच नाही. मोठी झाल्यावर तर आईनं "मामाच्या शिंकेचं सांगितलं का ग तुला?" म्हटलं, की ही बॅग खांद्याला लावत म्हणायची, "पुरे ग आई, शंभरदा सांगितलंस."

मग आईला ते दुखणं लागलं. आधी चाव्या हरवल्या, मग शब्द हरवले, मग माणसं. मामा गेला, मांजर गेलं. शेवटी चिमटी कोण हेही कधी असायचं, कधी नसायचं. दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या. त्यांचा पगार आणि औषधं चिमटीच्या नोकरीवर. ती नोकरी गेली असती तर आईला कुठंतरी ठेवून यावं लागलं असतं. 

आणि अशात वेबसाइटच्या फ्रेमवर्कचं नवं व्हर्जन आलं.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट ज्याच्यावर उभी असते तो सांगाडा. जुन्या सांगाड्याची डागडुजी बनवणाऱ्यांनीच बंद केली होती, तेव्हा तो बदलणं भाग होतं. चिमटीनं एका सुट्टीच्या दिवशी बसून सगळं नव्या व्हर्जनवर नेलं. पानं उघडली, चित्रं दिसली, मेसेज गेले. तिनं हात झटकले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल टाकलं तर जिन्याखालच्या कपाटातून घूं घूं आवाज. सर्व्हर तिथं ठेवलेला होता आणि त्याचा पंखा जीव खाऊन फिरत होता.

"सकाळपासून असाच ओरडतोय," काका म्हणाले. "कपाटात कुणी वळू कोंडलाय असं वाटून ड्रायव्हर बघून गेले."

चिमटीनं स्क्रीनवर पाहिलं. मागे चालणाऱ्या प्रोसेस मूठभर असायला हव्यात, तर स्क्रीन भरून वाहत होता. तिनं वेबसाइट बंद केली. प्रोसेस चालूच. एकेक हातानं बंद केली, तर एकीच्या जागी नव्या दोन.

"काय झालंय ग?"

"काका, प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी एक आई-प्रोसेस असते. आई बंद झाली की पोरांनी बंद व्हायला पाहिजे. इथं आई कधीच मेलीय आणि पोरं धावतायत."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. काकाही उगाच एका दप्तराचा पट्टा लावत बसले.

त्याच दुपारी एक शाळामास्तरीण आली. हातातला फोन पुढं करून म्हणाली, "मला मेसेज आलाय, वस्तू सापडली म्हणून. पण मी काही हरवल्याचं कळवलंच नाही."

"चुकून गेला असेल," वरून चिमटी म्हणाली.

पण काका फळीपाशी जाऊन थबकले होते. कडेला एक चपटी तपकिरी खोकी होती, पुठ्ठ्याची. त्यांनी ती ठेवली नव्हती, नोंदवली नव्हती. वर चिठ्ठी चिकटवलेली आणि त्या चिठ्ठीवर मास्तरणीचा नंबर. त्यांनी खोकी काउंटरवर आणली.

"खूण सांगा."

"कशाची सांगू? मला माहीतच..." आणि बाई थांबली. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. "माझी एक रिंग समुद्रात पडली होती. सात-आठ वर्षांची असेन. तिच्या मळसूत्रावर माझे दात उमटलेत. चावायची खोड होती मला."

काकांनी खोकी उघडली. आत एवढीशी रिंग होती. मळसूत्रावर दातांचे बारीक ठसे होते. आणि खोकीचा पुठ्ठा तळाशी ओला होता.

चिमटीनं त्याला नाव दिलं योगायोग. असतो कधीकधी. कुणीतरी आणून ठेवली असेल, काका विसरले असतील, त्यांचंही वय झालंच होतं. तिला त्याहून मोठी काळजी होती. मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. आठवड्याच्या आत तो आवाज बंद झाला नाही, तर वेबसाइटचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, असं ते शांतपणे म्हणाले होते. ओरडले असते तर परवडलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी येऊन लॅपटॉप उघडतेय, तर आई खिडकीकडं बघतच म्हणाली, "मामाचं नाक."

"काय? आई, काय म्हणालीस?"

"मोठं होतं," आई म्हणाली. "नाक."

दोन वर्षांत एवढं सरळ वाक्य आलं नव्हतं. चिमटी उठून तिच्याजवळ जाणार, तोच साहेबांचा फोन वाजला. फोन संपला तेव्हा आई पुन्हा समोरचा जिना बघत होती.

त्यानंतर डेपोत रोज तपकिरी खोक्या येऊ लागल्या. कोण ठेवायचं, कधी ठेवायचं, काही कळेना. काका सकाळी कुलूप काढायचे तर फळीवर दोन असायच्या आणि नजर फिरेपर्यंत तीन. माणसं मेसेज घेऊन यायची. एकाची गोट्यांची पिशवी. एकीचा वाळूत पुरलेला बाहुला. बसमध्ये हरवलेलं त्यात काहीच नव्हतं, आणि तीन महिन्यांच्या आतलं तर नव्हतंच नव्हतं.

एक म्हातारा न्हावी आला. त्याच्या खोकीला कानाशी धरून काकांनी हलवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खूण सांगा."

न्हाव्यानं ओठांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "वर चढताना जरा फाटायची. शेवटाला. वडील हसायचे त्याला."

काकांनी खोकी दिली. न्हाव्यानं उघडली, आत वाकून पाहिलं, झाकण लावलं आणि 'उपकार झाले' म्हणून निघाला. दारातून बाहेर पडता पडता तो शीळ घालायला लागला. सुरेख शीळ. शेवटाला जरा फाटणारी.

"चिमटे," काका जिन्याखाली येऊन हळूच म्हणाले, "खोकी रिकामी होती ग. मी स्वतः हलवून बघितली."

"काका, मला इथं श्वास घ्यायला फुरसत नाही."

"नाही, मी काय म्हणतो, शोधतायत ना तुझ्या प्रोसेस बिचाऱ्या, तर शोधू दे की त्यांना."

"सर्व्हर जळेल. आणि माझी नोकरी जाईल. तुम्ही ठेवून घेणार आहात का मग आईला?"

काका काउंटरकडं परतले.

दुसऱ्या दिवशी एक विमा एजंट आला. घाईतला माणूस. काका 'खूण सांगा' म्हणेपर्यंत त्यानं हात लांब करून आपला नंबर असलेली खोकी ओढली आणि उघडलीसुद्धा. आत चिमूटभर धूळ होती. त्यानं खोकी खाली ठेवली, काकांकडं पाहिलं आणि विचारलं, "मी इथं कशाला आलो होतो?"

तो थट्टा करत नव्हता. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. जाताना त्यानं बसस्टॉप कुठं आहे ते दोनदा विचारलं. त्याच्या गळ्यात डेपोसमोरच्याच ऑफिसचं ओळखपत्र होतं.

घरी मात्र आई बोलायला लागली होती. रोज थोडं थोडं. मामानं मान वर केली. तोंड उघडलं. कुणीतरी हाक मारली. मावशी म्हणाल्या, "दिवसभर गप्प असतात हो. तुमची यायची वेळ झाली, की घसा खाकरून सरळ बसतात."

चिमटीला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झाला. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असे चढ-उतार होतात, फार आशा धरू नका. तिनं ठरवलं, हे प्रोसेसचं निस्तरलं की एक दिवस सुट्टी घ्यायची, आईच्या खुर्चीशेजारी बसायचं आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. तोवर लॅपटॉप मांडीवर, एक कान तिकडं, आणि तोंडानं "हं... हो का... मग?"

आई नावाड्यापर्यंत आली. नावाडी ओलांडून पुढं गेली.

न आलेल्या शिंकेनं मामा फुगत चालला होता. एवढा फुगला, की जमिनीपासून वीतभर वर तरंगायला लागला. उडून जाऊ नये म्हणून खिशात दगड घालून फिरायचा. पोरं त्याला दोरी बांधून ओढायची. चिमटी स्क्रीनवर बघता बघता हसली. हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

साहेबांनी दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिला चूक दिसली.

किती साधी! नव्या व्हर्जननं सेटिंगची फाइल ठेवायची जागा बदलली होती. तिनं घातलेली वेसण जुन्या जागी तशीच होती, आणि नवं फ्रेमवर्क त्या जागेकडं ढुंकूनही बघत नव्हतं. काय शोधायचं, कुठवर शोधायचं, किती मागं जायचं, प्रोसेसना कसलीच सीमा उरली नव्हती. त्या सुटल्या होत्या, जे हरवलंय ते शोधत. सगळं. सगळीकडं.

चिमटीची बोटं कीबोर्डवर पळायला लागली.

"मग एका झोपडीत म्हातारी होती," आई म्हणत होती. आवाज इतका स्वच्छ, की जणू मधली वर्षं झालीच नव्हती. "तिच्यापुढं डब्याच डब्या. एका डबीत मामाची शिंक. मामा म्हणाला, दे. म्हातारी म्हणाली, अशी कशी देऊ? तुझीच कशावरून?"

"हं."

"ऐकतेस ना ग?"

"ऐकतेय आई."

"तेव्हा मामा काय म्हणाला माहितीये? मामा म्हणाला..."

"एक मिनिट, आई. एक मिनिट थांब, एवढं संपवते."

आई थांबली.

चिमटीनं फाइल नव्या जागी ठेवली. सगळ्या सीमा पुन्हा घातल्या. सेव्ह केलं.

फोन वाजला. काका होते, डेपोतून. "थांबला ग आवाज! एकदम गप. काय केलंस?"

"सापडलं काका! उद्या सांगते."

तिनं लॅपटॉप मिटला. खुर्ची वळवली.

"हं, आई, सांग. काय म्हणाला मामा?"

आईची मान किंचित वर होती. तोंड उघडं. श्वास आत घेतलेला. बोलण्याच्या अगदी काठावर असावी तशी.

मग तिनं तोंड मिटलं.

चिमटीकडं पाहिलं. पदर नीट केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही कोणाकडं आलात?"

चिमटीच्या फोनवर एक मेसेज येऊन पडला होता. आवाज थांबायच्या जरा आधी. मजकूर तिनंच कधीकाळी लिहिलेला. आपली हरवलेली वस्तू सापडली आहे, खूण सांगून घेऊन जावी.

दुसऱ्या दिवशी ती डेपोत गेली तेव्हा काकांनी एक खोकी काउंटरवर ठेवली होती. इतरांसारखीच, तपकिरी. चिठ्ठीवर चिमटीचा नंबर. तिनं कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं. आत, आत, आणखी आत... आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

"द्या काका."

काका तिच्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण हात खोकीवरच होता.

"खूण सांग, चिमटे."

"काका, मी आहे!"

"तू आहेस म्हणूनच म्हणतो. त्या विमावाल्याचं काय झालं ते बघितलंस ना? चिमूटभर धूळ. खोटी खूण मी ओळखतो का नाही कोण जाणे, पण या खोक्या ओळखतात."

खूण कोणती, ते चिमटीला न सांगताच कळलं होतं. मामा म्हातारीला काय म्हणाला, ती.

मग तिनं काय नाही केलं? प्रोसेसची वेसण पुन्हा काढून टाकली. पंखा दिवसभर बोंबलला, साहेबांनी वर बोलावून झाडलं, आणि नवी खोकी एकही आली नाही. तेव्हा पुन्हा सीमा घातल्या. घरी आईच्या पायाशी बसून तिनं ती गोष्ट आईलाच सांगितली, धोब्यापासून, नावाड्यापासून, खिशातल्या दगडांपासून झोपडीपर्यंत. आई लहान मुलीसारखी ऐकायची. म्हातारीपर्यंत आलं की चिमटी थांबायची आणि तिच्या तोंडाकडं बघायची.

"छान सांगता हो तुम्ही," आई म्हणायची. "मग? मग काय झालं?"

रोज काम संपलं की चिमटी काउंटरवर येऊन एक शेवट सांगायची. "मामा म्हणाला, माझ्या नाकाला लावून बघ, बरोबर बसते का." काका कान लावायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. "मामा म्हणाला, ठेवून घे, मला नकोच." पुन्हा मान. ड्रायव्हर लोकांना कळलं तसे तेही शेवट सुचवायला लागले. एक म्हणाला, "मामा म्हणाला, तपकीर ओढ म्हातारे, कुणाची ते कळेल!" सगळे हसले, काकासुद्धा. हसत हसतच त्यांनी कान लावला. श्वास आत, आत, आणखी आत. आणि काही नाही.

हे शेवट चांगलेच होते हो. चिमटीला इतके शेवट सुचतील असं तिला स्वतःलाही वाटलं नसतं. शेवटी तीही त्याच आईची मुलगी. पण आईचा शेवट त्यांत नव्हता.

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा आई गेली. दुपारच्या झोपेत. मावशी म्हणाल्या, त्रास काही झाला नाही. जाताना फक्त एकदा मोठ्ठा श्वास घेतला.

सगळं उरकून चिमटी कामावर आली, तेव्हा सकाळची उन्हं काउंटरवर आली होती. काकांनी दार ओढून घेतलं. न विचारता खोकी फळीवरून काढून तिच्यापुढं ठेवली.

"आता गप झाली असेल," चिमटी म्हणाली.

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"काका, मला खूण माहीत नाही. मी ऐकलंच नाही."

"असू दे. बस जरा तिच्यापाशी."

तिनं खोकीवर डोकं टेकलं. आजवर ती नेहमी शेवट सांगायच्या घाईत कान लावायची. आज सांगायला काही नव्हतं. ती नुसती ऐकत राहिली.

श्वास होताच. आत, आत, आणखी आत.

पण त्याच्याही मागं काहीतरी होतं. बारीक. टपटप, टपटप. पत्र्यावर खडे पडावेत तसं. तिला आधी हौदाचं पाणी वाटलं.

तिनं कान आणखी दाबला.

कीबोर्डवर बोटं पळत होती.

भराभर, न थांबता, खुशीत. आणि मग अगदी जवळून, तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "एक मिनिट, आई. एक मिनिट थांब."

आणि श्वास थांबला, सांगितल्याप्रमाणं.